सत्तेचाळिसावं पान

"हो, आहे की. हिरव्या कव्हरचं, पातळसं," उनाइसी म्हणून गेली, आणि मग तिच्या लक्षात आलं की आपण अजून कॅटलॉग उघडलेलासुद्धा नाही. डॉ. मुनसामींनी काउंटरवर ठेवलेल्या निबंधातली शेवटची ओळ तिनं फक्त वाचली होती. कोरोई, आ. १९७४. नुंगा माशाचे महिने. सूवा. मुनसामी पर्यावरण शिकवायचे. छत्री असूनही त्यांचे खांदे भिजले होते, कारण सूवाचा पाऊस छत्रीला मोजत नाही, आणि चेहऱ्यावर नेहमीचाच भाव होता, आज कोण फसवणार आहे याची वाट बघणाऱ्या माणसाचा. "आहे?" त्यांनी विचारलं. "मी सगळीकडे शोधलं. मला वाटलं, हे एआय मशीननं मनानंच पाडलेलं पुस्तक. या वर्षी अशी बरीच पकडली मी. नाव झकास, साल झकास आणि पुस्तकाचा पत्ता नाही." निबंध कुणाचा आहे असं तिनं विचारलं. "आसिनाते. लाऊ बेटांकडची. हुशार पोरगी आहे हो, म्हणून तर जास्त राग आला. खोटा संदर्भ म्हणजे कमिटी, आणि कमिटी म्हणजे सरकारी शिष्यवृत्ती गेली, पोरगी पुढच्या बोटीनं घरी. पण तुम्ही म्हणताय आहे, तर बरंच झालं. दुपारी खोलीवर घेऊन या." उनाइसी म्हणाली, आणते. तिच्या आवाजात जराही शंका नव्हती, आणि नंतर दिवसभर तिला सगळ्यात जास्त भीती वाटली ती त्या आवाजाचीच.

वर पॅसिफिक विभागात ओल शोषणारी यंत्रं घरघरत होती. ती सरळ माशांच्या कपाटाशी गेली आणि तिचा हात आपणहून तिसऱ्या फळीवर दोन जाड अहवालांच्या मधोमध गेला. तिथे फटसुद्धा नव्हती. दोन्ही अहवाल एकमेकांना चिकटून उभे होते, बुरशीनं थोडे जास्तच. तिनं तरी ते वेगळे करून पाहिले, मग वरची फळी, खालची फळी, मग मागे पडलंय का म्हणून गुडघ्यावर बसून मोबाइलच्या उजेडात पाहिलं. हिरवं कव्हर तिला स्पष्ट आठवत होतं, डाव्या कोपऱ्यात गंजलेल्या पिनेचा डाग होता, आतला कागद जाड आणि पिवळट होता. आणि तशी गुडघ्यावर बसलेली असताना, पायाला मुंग्या याव्यात तसं हळूहळू तिला कळायला लागलं की हे पुस्तक कपाटात कधीच नव्हतं. ते तिनं स्वतः केलं होतं. म्हणजे लिहिलं नव्हतं, छापलं नव्हतं, फक्त एका ओळीत केलं होतं. आ. कोरोई म्हणजे आमिनियासी कोरोई, वाइताबू गावचा, बेटाबेटांतून माल नेणाऱ्या बोटीवरचा मुकादम, म्हणजे ता, तिचे वडील, ज्यांनी जन्मात कधी एक पत्रसुद्धा पुरं केलं नव्हतं. ती उठली नाही. तिथेच फरशीवर टेकून बसली, आणि पिनेचा तो डाग मग कुठून आला, हेच तिला कळेना.

बावीस वर्षांपूर्वी तिला पहिल्या वर्षाच्या मुलांचा तास दिला गेला तेव्हा वेळापत्रकात त्याचं नाव होतं माहिती-साक्षरता, आणि तिची धाकटी बहीण लावेनिया म्हणाली होती, म्हणजे माहितीला लिहायवाचायला शिकवणार का तू? आधीच्या बाईंनी ठेवलेला सरावाचा एक कागद तिच्या हातात आला. त्यावर नमुन्यासाठी एका इंग्रज माळ्याचं पुस्तक होतं, थंडीतल्या गुलाबांच्या निगेचं, आणि मुलांनी त्यातला लेखक कोणता, साल कोणतं, गाव कोणतं हे ओळखायचं होतं. किरिबातीच्या एका मुलीनं मनापासून विचारलं, मिस, गुलाबांना थंडी वाजते का? सगळे हसले, ती मुलगी नंतर वर्षभर कधी काही विचारेना, आणि उनाइसीला त्या माळ्याचा मनस्वी राग आला. त्या आठवड्यात तिनं कागद नव्यानं टाइप केला. नमुना आपल्याकडचा हवा एवढंच तिनं ठरवलं होतं. पुढचं तिनं ठरवलं असं तिला आठवत नाही. ता जाऊन वर्ष व्हायचं होतं. बोटांनी कोरोई टाइप केलं, स्वल्पविराम दिला, आ टाइप केलं. साल चौऱ्याहत्तर, कारण त्या वर्षीच्या फोटोत तो फार देखणा दिसायचा. पानं शहाण्णव, कारण शंभर म्हटलं तर खोटं वाटलं असतं. दुसऱ्या दिवशी तिनं वर्गाला विचारलं, यात लेखक कोण? आणि ओळीनं मांडलेल्या संगणकांमागून तीस तोंडं एकदम म्हणाली, कोरोई! तिला ऐकू आलं होतं. तरी ती म्हणाली, ऐकू नाही आलं, परत सांगा.

तेव्हापासून प्रत्येक फेब्रुवारीत आणि प्रत्येक जुलैत टोंगाची, तुवालूची, सॉलोमनची, सगळ्या समुद्राची मुलं तिच्यापुढे बसून तिच्या बापाचं नाव एका सुरात घेत आली होती, आणि तिला त्यात बरं वाटत होतं, फार बरं वाटत होतं, हे खोटं कशाला बोला. कुणीतरी विचारायचंच, मिस, हे पुस्तक कुठे आहे? पहिल्यांदा ती म्हणाली, कोणीतरी नेलंय. वर्गात हशा पिकला, कारण ग्रंथालयातलं हवं ते पुस्तक नेहमी कोणीतरी नेलेलंच असतं. मग ते तिचं ठरलेलं वाक्य झालं. एकदा एका मुलानं कव्हर कोणत्या रंगाचं ते विचारलं तेव्हा ती हिरवं म्हणाली. एकदा लेखक कोण होता असं कुणी विचारलं तेव्हा ती म्हणाली, आमच्याच गावचा. असं थोडं थोडं करत पुस्तक भरत गेलं. यंदा तिनं मशीनच्या खोट्या संदर्भांवर एक नवा भाग घेतला होता, त्यात मुलांकडून घोकून घेतलं होतं की नाव खरं वाटेल, साल खरं वाटेल, तेवढ्यावर जाऊ नका, आणि त्याच कागदाच्या मागच्या बाजूला कोरोई होता. तिला त्यात काही विसंगत वाटलं नव्हतं. खोटं ते मशीनचं. हे तर नुसतं बाहेर गेलेलं होतं.

फरशीवर बसल्या बसल्या तिनं बरोबर आणलेला निबंध मांडीवर उघडला. आसिनातेनं लिहिलं होतं: ज्या वर्षी द्रालाचं झाड उशिरा फुलतं, त्या वर्षी नुंगाची झुंडही उशिरा येते, म्हणून चंद्र मोजत बसू नये, झाड बघावं (कोरोई, १९७४, पान ४७). आणि हे वाचताना उनाइसीला तो ऐकू आला. चंद्र मोजत बसू नये, झाड बघावं. मधेच थांबून, खोबऱ्याचा आणि रॉकेलचा वास असलेला हात हवेत आडवा फिरवत. राइवाका वस्तीतल्या घराच्या ओसरीवर चटई, चटईवर यांगोनाचं, त्या मुळीच्या गुंगी आणणाऱ्या पेयाचं, लाकडी कुंडं, करवंटी हातोहात फिरते आहे, बोटीवरची चारसहा माणसं बसली आहेत आणि नुंगा कधी येणार यावर कडाक्याचा वाद चालला आहे, आणि ता शेवटी म्हणतो, हे एकदा लिहून ठेवायला पाहिजे. पण हे शेवटचं तो म्हणायचा हे तिला नक्की माहीत होतं. झाडाचं तो म्हणायचा का? की आत्ता वाचलं म्हणून ते वाक्य मागे जाऊन त्या ओसरीवर बसलं, जसा तो पिनेचा डाग आला तसं? तिनं डोळे मिटून ओसरी परत आणली. ओसरी आली, करवंटी आली, पण यावेळी ताच्या हातात हिरवं पुस्तक होतं. तिनं घाईनं डोळे उघडले. आपल्या डोक्यात एक वाक्य आहे आणि ते कुठून आलं हे आपल्याला सांगता येत नाही. बावीस वर्षं आपण दुसऱ्यांना फक्त हेच विचारत आलो. आईला शेवटी शेवटी असंच व्हायचं. मेलेली माणसं सकाळी येऊन गेली म्हणून ती सांगायची, काय नेसून आली होती तेही सांगायची. उनाइसीनं कपाटाला धरून स्वतःला उभं केलं आणि दोन्ही अहवाल पुन्हा जसेच्या तसे चिकटवून ठेवले.

आसिनाते खालच्या जिन्याच्या छताखाली बटाट्याची गुंडाळलेली रोटी खात बसली होती. उंच, रुंद खांद्यांची मुलगी, केसांत एक निळी पेन्सिल खोचलेली. उनाइसीला पाहून ती उठली नाही, उलट सरकून जागा केली, कारण तिचं नासोलो आणि उनाइसीचं वाइताबू ही ताउवू गावं. दोन्ही गावांचा मूळपुरुष एकच, त्यामुळे एकमेकांना वाट्टेल ते बोलायचं, एकमेकांच्या घरातलं वाट्टेल ते न विचारता उचलायचं आणि कुणी रागवायचं नाही, असा तो जुना हक्क. एरवी ग्रंथपालबाईंशी खाली मान घालून बोलणारी पोरं, पण ताउवू निघाली की त्यांच्या जिभेला हाड राहत नाही.

"वाइताबूवाले शोधत आले म्हणजे त्यांचं काहीतरी हरवलंय," आसिनाते म्हणाली. "मी नाही घेतलं."

"नासोलोचं माणूस नाही म्हणालं की आधी त्याचे खिसे बघायचे, असं आमच्याकडे लहानपणी शिकवतात. हे काय आहे?" उनाइसीनं निबंध पुढे केला.

मुलीनं रोटी खाली ठेवली. "सरांनी तुम्हालाही दाखवला? मला दुपारी बोलावलंय त्यांनी."

"कोरोईचं पुस्तक तू वाचलंस?"

"कसं वाचणार मिस? कोणीतरी नेलंय ना! मी किती दिवस वाट बघितली. काउंटरवर विचारलं, तर ते म्हणाले असं पुस्तकच नाही. मी म्हटलं, यांना काय माहीत, मिसना माहीत आहे. तुम्हीच शिकवता ना, काय सांगितलंय त्याच्या आधी कोण सांगतंय ते बघा? मी बघितलं. तुम्ही सांगत होतात."

उनाइसीनं निबंधातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. जिन्यावरून पाणी पायरी पायरीनं उतरत होतं.

"मग हे झाडाचं कुठून आणलंस?"

"ते तर माझी बुबू म्हणते. आजी नाही का माझी, तिचंच आहे ते. मी आधी तसंच लिहिलं होतं, माझी बुबू म्हणते. सरांनी लाल शाईत लिहिलं, कोण म्हणतं? मी परत लिहिलं, बुबू. त्यांनी परत, कोण म्हणतं? मला वाटलं, बहिरे आहेत का हे! मग म्हटलं, पुस्तकाचं नाव टाकलं की गप्प बसतील. आणि नुंगाचे महिने म्हटल्यावर त्यात झाडाचं असणारच की. नसेल तर ते कसलं पुस्तक?"

"न बघता? आसिनाते, दुसऱ्याचं पुस्तक, न बघता?"

"दुसऱ्याचं कुठे? तुमच्या गावचा लेखक, म्हणजे माझा ताउवू. त्याच्या घरातली पातेली उचलली असती तर तुम्ही रागावला असतात? मी तर उलट ठेवून आले काहीतरी." ती हसली, पण हसू पुरं झालं नाही. "मिस, घरी नाही पाठवणार ना? बुबूनं सगळ्या गावाला सांगून ठेवलंय, मी समुद्राची डॉक्टर होणार म्हणून."

"आणि पान सत्तेचाळीस?" उनाइसीनं विचारलं. खरं तर विचारायची गरज नव्हती, पण तिला राहवेना.

"शहाण्णव पानं, बारा महिने, महिन्याला आठ," मुलगी म्हणाली. "आमचं वर्ष शेत साफ करण्यापासून धरतात. नुंगा मध्यावर येतो. झाडाचं त्याच्या जरा आधी सांगावं लागेल, नाही का?"

ते अगदी बरोबर होतं. पुस्तक असतं तर ते वाक्य तिथेच असतं, सत्तेचाळिसाव्या पानावर, आणि उनाइसीला एका क्षणासाठी वाटलं की ते तिथे आहेच, आपणच शोधण्यात कमी पडलो. मग तिला स्वतःचीच चीड आली. या मुलीनं आपल्यावर विश्वास ठेवला म्हणून ती घरी जाणार आणि आपण मात्र पानं मोजत बसलोय. ती म्हणाली, "खा ती रोटी आधी. दुपारी मीही येते आहे." पण येऊन काय सांगणार, हे तिला माहीत नव्हतं.

तिनं ब्रिस्बेनला लावेनियाला फोन लावला. धाकटी असली तरी लावेनियाला ताच्या गोष्टी जास्त आठवत, कारण ती त्याच्याजवळ चटईवरच झोपी जायची. फोनमध्ये मागे कुठेतरी कपडे धुण्याचं मशीन फिरत होतं. "लावेनिया, ता नुंगाबद्दल झाडाचं काही म्हणायचा का गं? द्राला फुलण्याचं?"

"म्हणत असेल. पुस्तकात बघ ना."

"कोणत्या पुस्तकात?"

"अगं, ताच्या! हिरवं ते. तुझं डोकं ठिकाणावर आहे ना, उना? तुझ्याच लायब्ररीत आहे ते."

उनाइसीनं फोन दुसऱ्या कानाला लावला. "तू पाहिलंयस ते?"

"मी कधी पाहणार? तूच सांगितलंस. तो नाताळ आठवत नाही? मी आले होते, तू रडत होतीस आणि म्हणालीस की दर वर्षी मुलं त्याच्या पुस्तकावरून शिकतात. मला इतकं बरं वाटलं होतं ते ऐकून. मी इथल्या चर्चमध्ये त्याच्या नावच्या प्रार्थनेला उभं राहून सांगितलं, आमच्या वडिलांचं पुस्तक विद्यापीठात शिकवतात. लोक टाळ्या वाजवायला लागले, पाद्री म्हणाला टाळ्या नकोत. पोरांच्या शाळेतही सांगितलंय. का गं? हरवलं की काय?"

"नाही," उनाइसी म्हणाली. "कोणीतरी नेलंय." तिनं फोन ठेवला. वर्गात ती फळ्यावर गोल काढून दाखवायची: हा त्याचा दाखला देतो, तो हिचा देतो, ही पुन्हा पहिल्याचा देते, आणि मधे कुणीच काही पाहिलेलं नसतं. मुलं हसायची. आता त्या गोलात ती स्वतः, तिची बहीण, चर्चमधली सगळी माणसं आणि ताचा हात होता, आणि कुठे पाय टेकवावा हे तिला कळत नव्हतं. त्यानं झाडाचं खरंच म्हटलं होतं का, एवढं एकच तिला आता हवं होतं. पुस्तक नसलं तरी चालेल, एक वाक्य त्याचं निघालं तरी पुरे.

मुनसामींच्या खोलीत लिंबाच्या पानांच्या चहाचा वास होता. त्यांनी तिलाही एक कप दिला. आसिनाते भिंतीजवळच्या खुर्चीत हात मांडीखाली दाबून बसली होती. उनाइसीचे रिकामे हात बघून मुनसामी म्हणाले, "सापडलं नाही ना? मला वाटलंच. त्या वरच्या मजल्यावर काय काय सडतंय देव जाणे. पण तुम्ही पाहिलंय ना ते पुस्तक?" तिनं कपाकडे पाहिलं. ते पुढे म्हणाले, "बस झालं मला. तुमच्या शब्दापुढे मी नाही जाणार. मी लिहितो, ग्रंथपालांनी पुस्तक पाहिलेलं आहे, प्रत गहाळ. प्रकरण संपलं. मलाही काही पोरीला घरी पाठवायची हौस नाही." त्यांनी पेन उघडलं सुद्धा.

इतकं सोपं असेल असं तिला वाटलं नव्हतं. नुसती मान हलवायची. बोलायचंही नाही. मुलगी वाचेल, बहिणीच्या टाळ्या तशाच राहतील, आणि एका डॉक्टरच्या सहीनं ताचं पुस्तक असल्याचा पुरावा होईल. मग कुणीतरी मुनसामींचा दाखला देईल, मग त्याचा आणखी कुणी, आणि ती म्हातारी होईपर्यंत ते पुस्तक इतक्या ठिकाणी असेल की नसल्याचं कुणाला सिद्ध करता येणार नाही. तिला आनंद झाला. तिनं आसिनातेकडे पाहिलं. मुलगी तिच्याकडेच बघत होती, विनवणीनं नाही, तर पुस्तक खरंच कुठेतरी आहे अशा सरळ नजरेनं. आणि तेव्हा तिला त्या म्हातारीची आठवण झाली, जिला तिनं कधी पाहिलं नव्हतं. आपण मान हलवली की झाडाचं ते वाक्य कायमचं कोरोईचं होणार, आणि नासोलोत बसलेल्या त्या बाईनं ते म्हटलंच नव्हतं असं होणार. आणि त्यानंतर ता ते खरंच म्हणायचा की नाही, हे आपल्याला कधीच, कुणालाही विचारता येणार नाही.

"सर, लिहू नका," ती म्हणाली. "ते पुस्तक नाही. माझ्या सरावाच्या कागदावर मी ते केलंय, नमुन्यासाठी. हिनं तिथूनच उचललं."

"म्हणजे लेखक...?"

"माझे वडील. बोटीवर होते. त्यांनी काही लिहिलं नाही."

मुनसामींनी पेन बंद केलं. ते म्हणाले, "सकाळी तुम्ही मला कव्हरचा रंग सांगितलात."

"हो. मला अजूनही हिरवंच दिसतंय," उनाइसी म्हणाली, आणि तिला रडू आलं. ते तिनं थांबवलं नाही. आसिनातेनं खुर्ची सरकवून तिच्या खुर्चीला लावली. ता गेला त्या दिवशी ती रडली नव्हती, हॉस्पिटलचे कागद तिला एकटीला बघायचे होते. आज तो दुसऱ्यांदा गेला, आणि यावेळी तिनंच त्याला धाडलं.

मुनसामी खिडकीकडे बघत होते. "मग हे वाक्य कोण म्हणतं?" त्यांनी विचारलं, आणि मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली, "माझी बुबू." यावेळी मुनसामींनी परत विचारलं नाही. उनाइसीनं डोळे पुसले. "तेवढंच लिहायला हवं होतं, सर. त्याचीही रीत आहे. नाव, गाव, तारीख आणि त्या माणसाला ते कुठून कळलं. माझ्या कागदाच्या शेवटी आहे ते. तिथे पोचेपर्यंत तास संपतो, म्हणून मी ते कधी शिकवलेलं नाही." मुनसामी म्हणाले, "मग आत्ता शिकवा. फोन लावा. बाई आहे आणि ती असं म्हणते, हे मी माझ्या कानानं ऐकलं तर निबंध परत लिहायला देतो. नाहीतर कमिटी, माझा नाइलाज आहे. माझी नानी ऊस तोडायची, तिचं म्हणणंही कुणी कधी लिहून घेतलं नाही, पण म्हणून मी तिच्या नावावर पुस्तकं काढत नाही बसलो." हे ते रागानं म्हणाले की कसं, ते उनाइसीला कळलं नाही.

फोन बराच वेळ वाजला. मग कोंबड्यांचा आवाज आला आणि त्यातून एक जाड, खरखरीत आवाज. आसिनातेनं फोन टेबलावर ठेवला, मोठा आवाज केला आणि सांगितलं की बुबू, वाइताबूच्या बाई बोलताहेत, मला शिकवतात.

"वाइताबूची?" आवाज म्हणाला. "आणि शिकवते? काय, चोरी?"

"तुमच्या नातीनं त्यात आधीच पहिला नंबर काढलाय, बुबू," उनाइसी म्हणाली. पलीकडे खो खो हसणं झालं आणि त्यातच खोकला. मुनसामींनी कागद पुढे ओढला. उनाइसीनं नाव विचारलं, मेरेसेयनी. गाव विचारलं. मग नुंगाबद्दल विचारलं, आणि म्हातारीनं शाळेत कविता म्हणावी तसं नाही, तर भाजी निवडता निवडता सांगावं तसं सांगितलं: "द्राला उशिरा फुलला की नुंगा उशिरा. चंद्र काय मोजायचा? झाड बघावं. तुमच्याकडे झाडं नाहीत वाटतं?" मुनसामींनी ते लिहून घेतलं, तारीख घातली आणि मुलीकडे बघून मान हलवली. आसिनातेनं तोंडावर दोन्ही हात दाबून धरले. तिचं काम झालं होतं.

आता फक्त शेवटचा प्रश्न राहिला होता. उनाइसीनं तो कागदावर टाइप केला होता, पण आजवर तोंडानं कधी विचारला नव्हता. तिचा आवाज तिला परका वाटला. "बुबू, हे तुम्हाला कुठून कळलं? कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे?" कोंबड्या, वारा. "तुमच्याच गावच्या एकानं की. मी नवीन लग्न होऊन आले होते तेव्हा. बोटीवरचा होता. खोबरं न्यायला यायचा, आमचा यांगोना प्यायचा आणि पहाटेपर्यंत बडबडायचा. जाताना माझी नवी चटई घेऊन गेला, न विचारता. ताउवू ना! काही बोलता येईना."

उनाइसीनं ओसरी पुन्हा डोळ्यांपुढे आणली. ओसरीवर चटई होती. लाल लोकरीची झालर असलेली, आईनं विणलेली नव्हती एवढं नक्की, कारण आई कधी झालर लावत नसे. की हेही आत्ताच तिथे येऊन बसलं? वाइताबूची कितीतरी माणसं बोटींवर होती. आणि मुलीनं रविवारच्या फोनवर आजीला कोरोईबद्दल सांगितलं नसेल कशावरून? "त्याचं नाव काय होतं?" तिनं विचारलं.

"नाव... थांब हं. हात असा आडवा करून बोलायचा. काय बरं नाव. तूच सांग ना, तुझ्याच गावचा. तू म्हणशील तो असेल."

नाव तिच्या जिभेवर होतं. तिनं ते उच्चारलं असतं तर म्हातारी हो म्हणाली असती, लगेच म्हणाली असती, ताउवूचं मन कोण मोडतं. मुनसामी पेन धरून थांबले होते. आसिनाते ओठ हलवून काहीतरी सुचवत होती, तिला उनाइसीनं हातानं गप्प केलं. फोनमध्ये वाऱ्यानं कुठलासा पत्रा वाजत होता.

"मी नाही सांगणार, बुबू," ती म्हणाली. "तुम्हीच आठवा. मी थांबते."